फाशी, अपिले आणि अडकलेली फाईल

बालहत्येच्या खटल्यात फाशीची शिक्षा झाली की आमच्याकडे लोक दोन दिवस समाधानात असतात आणि तिसऱ्या दिवशी "आता वीस वर्षे अपिले चालणार" असे म्हणू लागतात. सिंधुदुर्गात वकिली करताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे, की त्याला उत्तर देणेच सोडून दिले होते. मुळात माझे काम बहुतेक सामायिक सातबाऱ्यांचे आणि कुळांचे, फौजदारी त्या मानाने थोडे. तरीही हे वाक्य अर्धेच खरे आहे आणि उरलेल्या अर्ध्यामुळे मूल गमावलेल्या घरांचे नुकसान होते, असे मला वाटते. ते कसे, हे एकाच खटल्यावरून सांगता येते.

गावित बहिणींचा खटला महाराष्ट्रात कोणाला माहीत नाही असे नाही. रेणुका शिंदे, सीमा गावित आणि त्यांची आई अंजनाबाई या तिघी 1990 ते 1996 या काळात पश्चिम महाराष्ट्रात आणि नाशिककडे लहान मुले पळवत होत्या. गर्दीत पाकीट मारताना कडेवर मूल असले की संशय येत नाही, आणि पकडले गेलेच तर मुलाला जमिनीवर आपटून लोकांचे लक्ष वळवता येते, हा त्यांचा हिशेब होता. मूल रडू लागले, ओझे झाले की त्याचा जीव घेतला जाई. बातम्या फुटल्या त्यानंतरच्या आंगणेवाडीच्या जत्रेत आयांनी मुलांची मनगटे सोडली नव्हती, हे आमच्या पिढीला आठवते. घाट उतरून ती भीती इथवर आली होती.

हे गुन्हे उघड झाले ते घरातल्याच वैरामुळे. अंजनाबाईला सोडून गेलेल्या नवऱ्याच्या दुसऱ्या संसारातली एक मुलगी आधीच मारली गेली होती, आणि दुसऱ्या मुलीवर डोळा असतानाच 1996 मध्ये या तिघी पकडल्या गेल्या. रेणुकाचा नवरा माफीचा साक्षीदार झाला. अंजनाबाई 1997 मध्ये, खटला उभा राहण्याआधीच कोठडीत वारली. उरलेल्या दोघींवर तेरा मुलांच्या अपहरणाचा आणि त्यांतल्या पाच मुलांच्या खुनाचा गुन्हा शेवटपर्यंत सिद्ध राहिला. संशय त्याहून अधिक खुनांचा होता. पण न्यायालय पुराव्याने बांधलेले असते.

आता वर्षांकडे नीट पाहावे. कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने 2001 मध्ये फाशी सुनावली, मुंबई उच्च न्यायालयाने 2004 मध्ये ती कायम केली आणि सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये तिच्यावर शिक्कामोर्तब केले. सत्र न्यायालयापासून दिल्लीपर्यंतचा हा प्रवास सुमारे पाच वर्षांचा झाला. त्यानंतर दयेचे अर्ज राज्यपालांकडे आणि पुढे राष्ट्रपतींकडे गेले, आणि राष्ट्रपतींनी ते फेटाळेपर्यंत 2014 चा जुलै उजाडला. या टप्प्यातल्या विलंबाचा आकडा उच्च न्यायालयाच्या निकालात आहे, तो 7 वर्षे, 10 महिने आणि 15 दिवस असा. म्हणजे दोन वरिष्ठ न्यायालयांनी शेकडो पाने वाचून, दोन्ही बाजू ऐकून जेवढा वेळ घेतला, त्याच्या दीडपट वेळ एक फाईल टेबलांवरून फिरण्यात गेला.

याच विलंबावर बोट ठेवून त्या दोघी 2014 मध्ये पुन्हा उच्च न्यायालयात गेल्या आणि 18 जानेवारी 2022 रोजी त्यांच्या फाशीची जन्मठेप झाली. न्यायालयाने गुन्ह्याबद्दल जराही सौम्य भाषा वापरली नाही. त्यांची सुटकेची मागणीही फेटाळली. पण वेगवान दळणवळणाची साधने हाताशी असताना फाईल इतकी वर्षे पडून राहिली, याचा दोष त्याने प्रामुख्याने राज्य शासनावर ठेवला. (ही याचिकाही न्यायालयात सात वर्षांहून जास्त काळ होती, याकडे डोळेझाक करू नये.) या निकालाचा पाया शत्रुघ्न चौहान प्रकरणात 21 जानेवारी 2014 रोजीच घातला गेला होता. दयेच्या अर्जावर अकारण आणि अवाजवी विलंब झाला तर तो फाशी रद्द करण्याचा आधार ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात ठरवून पंधरा जणांची फाशी जन्मठेपेत बदलली होती. शासनाला हा नियम ठाऊक नव्हता असे कोणी म्हणू शकत नाही.

निकालाच्या त्या आठवड्यात कोर्टाबाहेरच्या टपरीवर माझ्या एका जमिनीच्या दाव्यातले वृद्ध पक्षकार मला म्हणाले, "वकिलांनू, अशांका थंयच फाशी घालूक होयी. ही अपिलां कित्याक?" मी त्यांना म्हटले, "अण्णा, तुमच्या दोन गुंठ्यांसाठी आपण जिल्हा कोर्टातून उच्च न्यायालयात गेलो. माणसाच्या गळ्याला दोर लावायचा तर एकच न्यायाधीश पुरे?" ते हसले, पण पटले नसावे.

खरे तर सत्र न्यायाधीश फाशी सुनावतात, अमलात आणू शकत नाहीत. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 366 प्रमाणे, आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 407 प्रमाणे, आरोपीने अपील केले नाही तरी सगळे कागद आपोआप उच्च न्यायालयाकडे जातात. तिथे किमान दोन न्यायाधीश पुरावा पहिल्यापासून तपासतात, गरज वाटली तर नवा पुरावाही घेतात, आणि त्यांच्या सह्या झाल्याशिवाय शिक्षा कायम होत नाही. हे कागद म्हणजे काय, हे ज्याने पाहिले नाही त्याला "अपील" हा शब्द फार हलका वाटतो. पंचनामे, साक्षी, शवविच्छेदनाचा अहवाल, रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, प्रत्येकावर निशाणी, म्हणजे पुराव्याचा क्रमांक. आमच्याकडच्या पावसाळ्यात दमटपणाने एकमेकांना चिकटलेली पाने कर्मचारी हलक्या हाताने सोडवतात आणि पानांवर पुन्हा क्रम टाकतात. एका निशाणीवरचा आकडा पुसट झाला तर वरच्या न्यायालयात अर्धा दिवस जातो. हा वेळ मला कधीच वाया गेलेला वाटला नाही.

तो का वाटत नाही, याचे उत्तर नाशिकजवळच्या 2003 सालच्या हत्याकांडात आहे. एकाच कुटुंबातले पाच जण मारले गेले, त्यांत पंधरा वर्षांची मुलगी होती. भटक्या समाजातल्या सहा जणांना सत्र न्यायालयाने फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेप केली, तर सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये सहाही जणांना पुन्हा फाशीच्या रांगेत उभे केले. पुढे पुनर्विलोकनात, म्हणजे स्वतःचाच निकाल पुन्हा तपासताना, तेच प्रकरण पुन्हा उघडले आणि मार्च 2019 मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. वाचलेल्या साक्षीदार स्त्रीने सुरुवातीला पोलिसांच्या छायाचित्रांतून भलतेच चार जण ओळखले होते आणि त्यांचा तपासच झाला नव्हता, हे तेव्हा समोर आले. सोळा वर्षे गेली, ती सहा माणसांची गेली आणि त्या कुटुंबाचीही, कारण खरे गुन्हेगार कोण हे आता कोणी शोधणार नाही. टपरीवरच्या अण्णांच्या न्यायाने वागलो असतो तर हे सहाही जण सत्र न्यायालयाच्या निकालानंतर लगेच संपले असते.

फाशीबद्दल माझे मत विरोधाचेच आहे, पण इथे ते मांडायचे नाही. फाशी हवी असणाऱ्यांनाही पटावे असे एवढेच म्हणायचे आहे, की तिच्या वाटेवरच्या न्यायालयीन पायऱ्या कापून काही हाती लागणार नाही. उलट सगळ्यांत उपेक्षित राहतात ते मूल गमावलेले आईबाप. आरोपी सुटला, कमी गुन्ह्यात दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी मिळाली तर ते स्वतः अपील करू शकतात. जन्मठेपेची फाशी व्हावी म्हणून मात्र त्यांना जाता येत नाही, ते फक्त शासनाच्या हाती आहे. म्हणजे शिक्षा वाढवण्याची किल्ली आणि दयेची फाईल, दोन्ही शासनाकडेच. आमच्या जिल्ह्यातल्या घरांचा एक त्रास मात्र कमी झाला आहे. ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचे कोल्हापूरला सर्किट बेंच बसते आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग त्याच्या कक्षेत येतात. सुनावणी ऐकायची तर कोकणकन्येच्या जनरल डब्यात रात्र काढून मुंबई गाठण्याऐवजी सकाळच्या एसटीने फोंडा घाट चढला तरी पुरते.

नव्या संहितेच्या कलम 472 ने दयेच्या अर्जाला मुदती घातल्या, याचे स्वागत झाले. दोषी व्यक्तीने तीस दिवसांत अर्ज करायचा, राज्यपालांनी नाकारल्यास साठ दिवसांत राष्ट्रपतींकडे जायचे, आणि केंद्राने साठ दिवसांत राष्ट्रपतींना शिफारस करायची. पण केंद्राचे हे साठ दिवस मोजायचे ते राज्याचा अभिप्राय आणि कागदपत्रे हाती आल्यापासून. राज्याने तो अभिप्राय किती दिवसांत द्यायचा, हे कलमात नाही. आणि गावित प्रकरणात न्यायालयाने दोष ठेवला होता तो राज्य शासनावरच. पुण्याच्या एका दुसऱ्या खटल्यातही अशाच दिरंगाईने फाशी रद्द झाली, तेव्हा 9 डिसेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक राज्याने दयेच्या अर्जांसाठी स्वतंत्र कक्ष नेमावा असे निर्देश दिले. आपल्या आमदारांना अधिवेशनात प्रश्न विचारायला सांगायचेच असेल, तर "फाशी कधी" यापेक्षा त्या कक्षाकडे किती अर्ज आले आणि प्रत्येक फाईल तिथे किती दिवस राहिली, हे विचारायला सांगावे.