भिंतीवर मांडलेला अभ्यासक्रम

एस.वाय.बी.ए.चा सूक्ष्म अर्थशास्त्राचा पेपर, 4 क्रेडिट, 60 तासिका. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आराखडा बदलताना विभागातल्या आम्ही सगळ्यांनी तो स्टाफरूमच्या भिंतीवर ब्राउन पेपर लावून मांडला. उभे घटक, आडवे चार रकाने: विद्यार्थ्याला काय यायला हवं, वर्गात काय करणार, परीक्षेत काय विचारणार आणि कोण कुठे अडकेल. शेवटच्या रकान्यात लाल चिठ्ठ्या.

लाल रंग साचला तो आकृत्यांपाशी. मागणी वक्र, समवृत्ती वक्र, खर्चाचे वक्र. वर्गात सगळं फळ्यावर आणि पेपरात ‘आकृतीसह स्पष्ट करा’. दिव्यांगांना 2016 च्या कायद्यानं उच्च शिक्षणात किमान 5 टक्के जागा दिल्या. दृष्टिहीनांना लेखनिक मिळतो, तासामागे 20 मिनिटं जादा मिळतात. पण जी आकृती वर्षभर बोटांखालून गेलीच नाही, ती लेखनिकाला सांगायची कशी? परीक्षेच्या रकान्यातून वर्गाच्या रकान्याकडे बाण ओढला, तेव्हा अडचण तिथे आहे हे सगळ्यांना दिसलं.

मग पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून उठावाचे आलेख केले. फळ्यावरची प्रत्येक रेषा तोंडानं सांगायची, असं ठरलं: किंमत उभ्या अक्षावर, मागणी आडव्या, रेषा डावीकडून उजवीकडे उतरते. ज्यांना नीट दिसतं, त्यांनाही आकृती आता जास्त कळते, असा माझा अनुभव आहे. जुन्या नोट्स युनिकोडमध्ये पुन्हा टाइप कराव्या लागल्या, कारण जुन्या फॉन्टमधलं मराठी एनव्हीडीए (पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वाचतं ते निव्वळ निरर्थक, आणि स्कॅन केलेलं पान त्याच्या लेखी नुसतं चित्र. हे काम फार किचकट, पण टाळू नये.

दुसरा लाल पट्टा मूल्यमापनाच्या तारखांवर. आमचा जिल्हा बीड. चौथं सत्र ऐन गळीत हंगामात येतं आणि काही मुलं आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेली असतात. अंतर्गत गुणांसाठी एकच दिवस ठेवण्याऐवजी आम्ही मुदत लांब ठेवली. फोनवर रेकॉर्ड केलेलं उत्तरही चालतं.

भिंतीवरचा कागद आमच्या दृष्टिहीन विद्यार्थिनीला उपयोगाचा नव्हता. तिच्यासाठी तोच मजकूर रकान्यांऐवजी घटकवार शीर्षकं देऊन वर्डमध्ये लिहिला. तो ऐकून ती म्हणाली, “मॅडम, पहिल्या रकान्यात ‘संबंध स्पष्ट करता येणे’ लिहिलंय, मग परीक्षेत आकृतीच का?” तिचं म्हणणं बिनतोड होतं. अंतर्गत परीक्षेत आता ‘आकृती किंवा उदाहरणाच्या आधारे’ असं विचारतो. विद्यापीठाच्या पेपरातही तसं व्हावं, म्हणून अभ्यास मंडळाला पत्र दिलं आहे.