वेशीच्या आतली खोली : आमची वाटचाल

वाशीम जिल्ह्यातील कारंजा लाड येथे दिल्ली, दारव्हा, मंगरूळ आणि पोहा या चार वेशींच्या आत वसलेल्या जुन्या गावात आमचा वडिलोपार्जित वाडा असून त्यातील एक खोली आम्ही सामानासह भाड्याने देतो. शहरातील लोक अशा जागेला स्टुडिओ अपार्टमेंट म्हणतात. 14 बाय 12 फुटांच्या त्या खोलीत ओटा, गॅसची शेगडी, सागवानी दिवाण आणि भिंतीतले कोनाडे आहेत, मागे स्वतंत्र न्हाणी आहे. येथील श्रीनृसिंह सरस्वतींच्या गुरुमंदिरात पारायणाला येणाऱ्यांना सोवळ्यातला स्वयंपाक स्वतः करावा लागतो आणि ती सोय लॉजमध्ये होत नाही, म्हणून आम्ही हा व्यवसाय सुरू केला.

पुढे खोली नवी दिसावी या हौसेने मी पांढऱ्या मातीच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करून घेतला. तिसऱ्या पावसाळ्यात मागची भिंत रात्रीतून बसली आणि धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, दोन कड्या (आडवी लाकडे) खाली आल्या. खोली रिकामी होती, हे आमचे भाग्य. मोठ्या रस्त्यावर नवे लॉज बांधलेल्या गृहस्थांनी मात्र मातीचे घर जिवावर उठते, असे येणाऱ्या प्रत्येक यात्रेकरूला सांगितले आणि आमची दत्तजयंतीची सर्व आरक्षणे आठवडाभरात रद्द झाली. तो आळ मला आजही सलतो, कारण दोष मातीचा नव्हता. दोन फूट जाडीची मातीची भिंत जोत्यातून ओल ओढते आणि अंगावरून ती हवेत सोडून देते. सिमेंटने ती वाट बुजवल्यामुळे ओल आत साचत गेली आणि जोत्यालगतच्या मातीचा लगदा झाला.

हे मला शेजारच्या मोहल्ल्यातील वृद्ध गवंडी चाचांनी दाखवून दिले. स्वतःची थापी, ओळंबा आणि माती ठोकायची धुमस घेऊन ते आले. गव्हाचे कुटार घातलेली माती त्यांनी आठ दिवस भिजत ठेवली, रोज पायांनी तुडवून घेतली आणि मुठीत वळलेला गोळा खाली टाकल्यावर फुटेनासा झाला तेव्हाच पहिला थर चढवला. पूर्ण मजुरी त्यांनी शेवटपर्यंत घेतली नाही. दरवर्षी सप्ताहाला येणाऱ्या नाशिकच्या एक निवृत्त शिक्षिका, ज्यांना आम्ही सर्व जण ताई म्हणतो, त्यांनी पुढील वर्षाचे भाडे आगाऊ पाठवले आणि अर्धवट सुकलेल्या भिंतीच्या खोलीत चटईवर झोपून पारायण पूर्ण केले. त्यानंतर गिऱ्हाईक परतले.

टाळेबंदीत, 16 नोव्हेंबर 2020 रोजी मंदिरे उघडेपर्यंत, खोलीला कुलूप होते. डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाल्यापासून नागपूरकर दर्शन घेऊन त्याच दिवशी परततात, त्यामुळे मधल्या महिन्यांत आम्ही बदलीवर आलेल्या नोकरदारांना खोली देतो. अशी खोली देणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की अकरा महिन्यांचा करारही लेखी करून त्याची नोंदणी करावी. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने ती जबाबदारी घरमालकावर टाकली आहे आणि करार लेखी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. मातीच्या भिंतीला तैलरंगही लावू नये, तोही ओल कोंडतो.

चाचा आता नाहीत. त्यांची थापी खोलीच्या कोनाड्यात ठेवलेली आहे, आणि मृगापूर्वी धाब्यावर नवी पांढरी माती पसरताना त्यांचा मुलगा तीच वापरतो.