न्हाणीच्या दारातला भुऱ्या

नागपूर, २६ मे, रात्री साडेनऊ

नवतप्याचा आज दुसरा दिवस. दुपारी कूलरची टाकी दुसऱ्यांदा भरत असताना लक्षात आले, की घरातली सारी माणसे कूलरसमोर पसरलेली असताना भुऱ्या तिकडे फिरकलाही नव्हता. तो न्हाणीच्या दारात, ओल्या शहाबादी फरशीवर पोट टेकून, मागचे पाय बेडकासारखे फाकवून पडला होता. गेले तीन उन्हाळे मी त्याला ओढून कूलरसमोर आणून बसवते आणि पाच मिनिटांत तो पुन्हा न्हाणीत जातो. मी त्याला हट्टी म्हणत आले. वास्तविक पंख्याचा वारा आपल्याला सुखावतो तो अंगावरचा घाम वाळतो म्हणून. कुत्र्याला घाम सुटतो तो जवळजवळ पंजांच्या गाद्यांनाच, त्यामुळे कोरड्या केसांवरून वाहणाऱ्या वाऱ्याचा त्याला आपल्याइतका उपयोग होत नाही. त्याची सारी भिस्त धापेवर असते, आणि खिडक्या लावून कूलर चालवला की खोलीत दमटपणा कोंडून ती धापही तोकडी पडते. म्हणून आजपासून दुपारी दर दोन तासांनी न्हाणीची फरशी ओली करायची, त्याचे पोट आणि पंजे ओल्या फडक्याने पुसायचे आणि कूलर चालू असताना समोरची खिडकी उघडी ठेवायची, असे ठरवले आहे.

चार दिवसांपूर्वीची चूक मात्र अजून सलते. सूर्य मावळला म्हणून संध्याकाळी सातला मी त्याला फिरायला नेले. माझ्या पायांत चपला होत्या, त्याच्या नव्हत्या. दिवसभर तापलेला डांबरी रस्ता तोवर निवलेला नव्हता. परतताना तो पुढचा उजवा पाय उचलून चालू लागला, आणि घरी येऊन पाहिले तर गादीवर हरभऱ्याएवढा फोड आलेला. आता पहाटे पाचला निघतो, आणि निघण्यापूर्वी तळहाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून पाहते. शेजारच्या काकू रोज हे पाहून हसतात, हसोत.

सासूबाईंना त्याची काळजी माझ्याहून अधिक. ऊन लागू नये म्हणून आमच्याकडे खिशात कांदा ठेवण्याची रीत आहे, त्याच मायेने त्या काल त्याच्या भातात कांदा किसून घालायला निघाल्या होत्या. ‘‘आई, कांद्याने कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात,’’ असे सांगितल्यावर त्यांनी किसणी खाली ठेवली, पण चेहऱ्यावरून त्यांना ते पटलेले दिसले नाही. भुऱ्याच्या वाट्याला अखेर पातळ, बिनमिठाचे ताक आले.

मनीचे प्रकरण अधिक अवघड, कारण मांजर कळू देत नाही. कुत्र्याचे धापणे रोजचेच. मांजर तोंड उघडून श्वास घेऊ लागले, तर ते संकटाचे लक्षण समजून डॉक्टरांकडे न्यावे लागते. तिचे पूर्वज वाळवंटातले, तहान लागली तरी ती बेताचेच पिते, त्यातही जेवणाच्या ताटलीशेजारचे पाणी तिला चालत नाही. म्हणून मातीची तीन पसरट भांडी घरभर ठेवली: एक माठाखाली, एक जिन्यात, एक तुळशीच्या सावलीत. तिने तिन्ही सोडून कूलरच्या टाकीत तोंड घालणे पसंत केले. पत्र्याच्या कूलरला कधी करंट उतरेल याचा नेम नसतो, तेव्हा आज टाकीच्या तोंडावर जाळी बसवून घेतली.

औषधांच्या डब्यात भुऱ्यासाठी वेगळा थर्मामीटरही ठेवला आहे. त्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असते. १०४ च्या पुढे गेले, लाळ घट्ट झाली, हिरड्या लालभडक दिसल्या किंवा चाल अडखळली, तर आधी नळाचे पाणी अंगावर ओतून वारा घालायचा आणि मग गाडी काढायची. जाड ओला टॉवेल गुंडाळून ठेवायचा नाही, कारण तो थोड्याच वेळात तापून उष्णता कोंडतो. तापाची आपली गोळी तर मुळीच द्यायची नाही. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीही मांजराच्या जिवावर बेतू शकते.

आत्ता हे लिहीत असताना भुऱ्या फोडाला लावलेले मलम चाटण्याच्या बेतात आहे, आणि मनी नव्या जाळीवर, नेमकी पाण्याच्या वर, पाय पोटाशी घेऊन बसली आहे.