पोटातला साप

रविवार, रात्रीचे साडेअकरा

आज दुपारभर ग्राफपेपर पसरून बसले होते. छापील चित्रावरून एक पक्षी चौकोन मोजत उतरवायचा होता. काँडोर, म्हणजे अँडीजमधलं ते प्रचंड गिधाड. पंख पसरलेले, डोकं एका बाजूला वळलेलं आणि पोटात साप.

मूळ पक्षी सुती कापडावर आहे, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या. पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर, चिकामा खोऱ्यात, वाका प्रिएता नावाचं टेकाड आहे. १९४६ साली अमेरिकी पुरातत्त्वज्ञ ज्युनियस बर्ड यांनी ते खणायला घेतलं. वाळवंटी कोरडेपणामुळे कापड टिकलं, पण रंग पार उडाले होते. नुसत्या डोळ्यांना तो मळकट चिंधीचा तुकडा. बर्ड यांनी भिंगाखाली धाग्यामागून धागा तपासला, कुठला डावीकडे सरकलाय, कुठला उजवीकडे, ते कागदावर मांडलं आणि त्यातून काँडोर उभा राहिला. हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. आजही आला.

त्या लोकांकडे माग नव्हता, मातीची भांडीसुद्धा नव्हती. टोपली विणतात तसे दोन आडवे धागे उभ्या धाग्यांभोवती बोटांनी पिळत जायचं, आणि दर ओळीला उभे धागे जरासे बाजूला सरकवायचे. नक्षी त्या सरकण्यातच. ओळीमागून ओळ भरताना माझ्या लक्षात आलं, की साप नंतर घालता येत नाही. पंख अर्धाच झालेला असतो तेवढ्यात त्याचं वेटोळं सुरू करावं लागतं. म्हणजे पहिली ओळ पिळण्याआधीच विणणाऱ्याच्या मनात अख्खा पक्षी होता, आतल्या सापासकट.

आई क्रोशा बाजूला ठेवून बघायला आली. म्हणाली, "साप गिळला असेल त्यानं."

"अगं, काँडोर मेलेलंच खातो बहुतेक. सापाची शिकार करणारा पक्षी नाही तो."

"मग बघून नाही विणलेलं हे," एवढंच म्हणून ती परत क्रोशाकडे वळली.

मला तिचं पटलं. आकाश, पाताळ, शक्ती अशी एकेका प्राण्याला चिठ्ठी लावून मोकळं व्हायला माझं मन घेत नाही. विणणाऱ्यानं पोट उघडं दाखवलंय, बाहेरचं आणि आतलं एकाच ओळीत, आणि मला त्याच्याकडेच बघत राहावंसं वाटतं.

संध्याकाळी पाराकासच्या शालींचे फोटोही काढून बसले. १९२७ साली पेरूचे पुरातत्त्वज्ञ हुलिओ तेयो यांच्या चमूला पेरूच्या दक्षिण किनाऱ्यावर, पाराकास द्वीपकल्पावर, ४२९ गाठोडी सापडली. कापडात गुंडाळलेले मृतदेह. त्यांतल्या काही शालींवर लोकरीच्या धाग्यानं पक्षी, रानमांजरं, मासे भरलेत. टाका चार धागे पुढे, दोन मागे. दोन हजार वर्षांनंतरही लाल रंग लालच आहे. डोळे निवतात. तरी जीव गुंतलाय तो त्या रंग उडालेल्या तुकड्यात.

सापाचं डोकं दोन चौकोन चुकलं होतं, खोडून पुन्हा काढलं. डावा पंख राहिलाय. पेन्सिल कागदावरच ठेवलीय, उद्या ऑफिसातून आल्यावर तिथूनच पुढे.