निर्णय आधी, सुनावणी नंतर

साथीच्या काळातले सरकारी निर्णय बारकाईने पाहिले, तर त्यांत दोन वेगळ्या प्रकारचे प्रश्न एकत्र कालवलेले आढळतात. विषाणू कसा पसरतो, लस गंभीर आजार कितपत टाळते, हे प्रश्न तज्ज्ञांचे आहेत आणि ते बहुमताने सुटणारे नाहीत. मात्र शाळा आधी बंद कराव्यात की बाजारपेठा, अपुरी लस प्रथम कोणाला मिळावी, अखेरच्या घटका मोजणाऱ्या रुग्णाला नातेवाइकांनी भेटावे की नाही, हे ठरवताना कोणते नुकसान सोसायचे आणि ते कोणी सोसायचे याचा निवाडा करावा लागतो, आणि तो प्रयोगशाळेत होत नाही. हा निवाडाही विज्ञानाच्या नावाखाली बंद दाराआड उरकला जातो, ही माझी मुख्य तक्रार आहे.

लोकांना विचारत बसलो तर वेळ जाईल, हा यावरचा नेहमीचा आक्षेप. २०१४ मध्ये गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या देशांत इबोलाची साथ पसरली, तेव्हाचा अनुभव नेमका उलटा आहे. इबोलाने मृत्यू झालेल्या व्यक्तीचा देह अत्यंत संसर्गजन्य असतो, आणि तेथील अनेक समाजांत मृताला स्नान घालून निरोप देण्याची रीत आहे. संरक्षक पोशाखातील पथके येऊन मृतदेह पिशवीत घालून नेऊ लागली, तेव्हा कित्येक कुटुंबे आजार आणि मृत्यू दोन्ही लपवू लागली. अखेर त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने धार्मिक संस्थांशी आणि मानववंशशास्त्रज्ञांशी सल्लामसलत करून दफनाची नवी पद्धत जाहीर केली. तीत कुटुंबीयांना दफनाच्या तयारीत सामील करून घेण्यास आणि प्रार्थनेस वाव होता. मुस्लिम मृतांसाठी पाण्याच्या स्नानाऐवजी कोरड्या शुद्धीची आणि पांढऱ्या कफनाची सोय होती. विषाणूविषयीची मूळ माहिती तीच राहिली. ज्यांच्या घरातला माणूस गेला त्यांच्याशी आधीच बोलले गेले असते, तर वेळ वाचलाच असता.

विचारण्याची वेळ चुकली की सहभागाचे मोल किती घटते, हे फ्रान्सच्या उदाहरणावरून दिसते. कोविड लसीकरणाच्या धोरणावर मत देण्यासाठी तेथे चिठ्ठ्या टाकून ३५ नागरिकांचा गट निवडण्यात आला. कल्पना उत्तम होती. मात्र गटाचे काम जानेवारी २०२१ मध्ये सुरू झाले आणि लसीकरण त्याआधी, डिसेंबरच्या अखेरीसच सुरू झाले होते.

महासाथीविषयीच्या जागतिक कराराच्या वाटाघाटींत २०२२ साली जाहीर सुनावण्यांच्या दोन फेऱ्या झाल्या. निवेदने ऐकून घेतली गेली, हे चांगलेच झाले. परंतु आपली सूचना स्वीकारली की फेटाळली, आणि फेटाळली असल्यास का, हे सांगणारे उत्तर जोवर मिळत नाही, तोवर सुनावणी आणि तक्रारपेटी यांत मला फारसा फरक दिसत नाही. मे २०२५ मध्ये स्वीकारलेल्या या करारात, टाळेबंदी किंवा लससक्ती लादण्याचा अधिकार जागतिक आरोग्य संघटनेच्या सचिवालयाला मिळत नाही, असे स्पष्ट नमूद आहे. (याच्या नेमक्या उलट अफवा भरपूर पसरल्या, ते सोडा.) म्हणजे असे निर्णय देशोदेशींची सरकारेच घेणार, आणि त्यामुळे सहभागाची व्यवस्थाही त्याच पातळीवर, साथ नसतानाच्या निवांत काळात उभी करावी लागेल: नागरिकांचे गट कसे निवडायचे, त्यांना कोणती माहिती द्यायची, आणि त्यांच्या शिफारशींना किती दिवसांत लेखी उत्तर द्यायचे.

यात सर्वांत दुर्लक्षित राहते ते धोकादायक संशोधन. एच५एन१ हा बर्ड फ्लूचा विषाणू फेरेट या (फ्लूच्या संशोधनात माणसाऐवजी वापरल्या जाणाऱ्या) सस्तन प्राण्यांमध्ये हवेतून पसरू शकेल असा बदल दोन संशोधक गटांनी केल्याचे २०११ मध्ये उघड झाले. त्यावर जगभर वाद झाला, पण बराचसा वाद शोधनिबंध पूर्ण छापावेत की नाहीत यावरच झाला, कारण प्रयोग तोवर पार पडलेले होते. निधी मंजूर होताना अशी व्यापक जाहीर चर्चा झाली नव्हती.