सेमिनरी हिल्सच्या झाडीतली डबी

जिओकॅशिंग हा खेळ समजायला सोपा आहे. कोणीतरी एक डबी सार्वजनिक जागी लपवतो, तिचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. बाकीच्यांनी फोन हातात घेऊन ती हुडकायची, आतल्या कागदावर नाव आणि तारीख लिहायची आणि होती तशी परत ठेवायची. मे २००० च्या सुरुवातीला अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेला दोष काढून टाकला आणि लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर यांनी ओरेगॉनमध्ये झाडीत एक बादली ठेवून तिचा ठावठिकाणा इंटरनेटवर दिला. तेथून हा खेळ सुरू झाला. त्याआधी यंत्र शंभर मीटरपर्यंत चुकत असे, आणि तेवढ्या घेरात डबी सापडणे हा निव्वळ नशिबाचा भाग झाला असता.

आम्ही घरच्या मंडळींनी हा खेळ नागपुरात खेळायचे ठरवले, तेव्हा शेवटची डबी सेमिनरी हिल्स या टेकडीवर ठेवायची यावर कोणाचा वाद नव्हता. वाद होता तो तेथवर कसे न्यायचे याचा. भाच्याला थेट आकडे द्यायचे होते. माझा आग्रह असा की सुरुवात झिरो माइलपासून, म्हणजे गावांची अंतरे कोरलेल्या शहरातल्या स्तंभापासून व्हावी. ज्या खेळाचा सगळा जीव मोजणीत आहे, तो मोजणीच्या दगडाला टाळून नागपुरात कसा खेळावा? भारताचे त्रिकोणमितीय सर्वेक्षण १८०२ मध्ये मद्रासजवळ हाती घेणारे विल्यम लॅम्बटन हैदराबादहून नागपूरकडे येत असताना १८२३ मध्ये हिंगणघाटला वारले, आणि त्यांची कबरही तेथेच आहे. सुमारे अर्धा टन वजनाचे थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजण्याचे यंत्र, त्यांनी डोंगर-देवळांवर चढवून जे कोन मोजले, त्याच परंपरेतला १९०७ सालचा उंचीदर्शक दगड झिरो माइलच्या स्तंभाजवळ उभा आहे. स्तंभाच्या बाजूंवर सिवनी, छिंदवाडा, जबलपूर अशा गावांची नावे आणि मैलांचे आकडे कोरलेले आहेत. ते आकडे मी येथे देत नाही, कारण आमच्या कोड्याची उत्तरे तीच आहेत. दोन आकड्यांची बेरीज रेखांशाच्या शेवटी लावली की पुढचा टप्पा मिळतो. (स्तंभाजवळच्या चार घोड्यांच्या पुतळ्यांसमोर सेल्फी काढून परतणाऱ्या बहुतेकांनी हे मैल कधी वाचलेलेच नसतात, असा माझा अंदाज आहे.)

सेमिनरी हिल्स ही टेकडी लाव्हाच्या काळ्या दगडाची, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खन ट्रॅपची. लाव्हाच्या दोन थरांमध्ये मधल्या काळातील तळ्यांचा गाळ दबून राहिला आहे. टेकडीच्या जवळच असलेल्या टाकळीच्या परिसरातून स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकात अशा गाळातील गोगलगायींचे आणि वनस्पतींचे जीवाश्म गोळा केले होते. नागपुरात हिस्लॉप कॉलेजचे नाव सगळ्यांच्या तोंडी आहे, पण हे मिशनरी गृहस्थ दगडही फोडत असत, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. म्हणून दुसऱ्या टप्प्यावर आम्ही डबी ठेवलीच नाही. उघड्या पडलेल्या खडकाजवळ जाऊन त्याचा रंग आणि त्यातली छिद्रे पाहून उत्तर द्यायचे, एवढेच.

शेवटची डबी मात्र खरी आहे. जुन्या कॅमेऱ्याच्या रोलची ती काळी डबी, आत गुंडाळलेली कागदाची पट्टी आणि बोटाएवढी पेन्सिल. पेन नको, पावसाळ्यात शाई पसरते. खाऊ तर मुळीच नको, मुंग्या लागतात. खड्डा खणायचा नाही, झाडाला खिळा ठोकायचा नाही, हे खेळाचे जगभरचे नियम येथे जास्तच काटेकोरपणे पाळावेत असे मला वाटते. दाट पानोळ्याखाली फोनचा बाण गोंधळतो. आता चार मीटर म्हणतो, दोन पावलांनी बारा. अशा वेळी फोन खिशात टाकावा आणि डोळ्यांनी शोधावे: बाकी दगड मातीत रुतलेले असताना एकच दगड वरवर ठेवल्यासारखा दिसतो, त्याच्या कडेला शेवाळ नसते. उन्हाळ्याच्या तोंडी सागाची पाने गळली की सिग्नल सुधारतो, पण तीच वाळलेली मोठाली पाने जमिनीवर अशी पसरतात की डबी पायाखाली असूनही दिसत नाही.

खरी अडचण माणसांची आहे. झुडपात वाकून पाहणाऱ्याकडे सकाळी फिरायला येणारे काका थांबून पाहतातच. “काय शोधून राहिले जी?” असे एकांनी विचारले आणि खेळ समजल्यावर तेही शोधायला लागले, पण प्रत्येक जण इतका मोकळा नसतो. बेवारस वस्तूला हात लावू नका, अशा सूचना ऐकत वाढलेल्या शहरात अनोळखी डबी दिसल्यावर कोणी पोलिसांना फोन केला, तर त्याला दोष देता येणार नाही. म्हणून रखवालदाराला आधी सांगावे, परवानगी घ्यावी, आणि डबीवर मराठीत ‘हा खेळ आहे, उघडून पाहा’ असे मोठ्या अक्षरांत लिहावे. सीताबर्डीचा किल्ला १८१७ च्या लढाईमुळे कितीही मोह घालत असला, तरी तो लष्कराच्या ताब्यात आहे. त्याच्या आसपास काहीही लपवू नये.

पावसाळा संपला की हिंगणघाटचा टप्पा जोडायचा विचार आहे. तेथे डबी ठेवणार नाही, कबरीजवळ खोके लपवणे मला प्रशस्त वाटत नाही. लॅम्बटन यांच्या कबरीपाशी काढलेला फोटो नोंद म्हणून चालेल, असे भाच्यानेही मान्य केले आहे.