उरलेला स्क्रू

घरातला मिक्सर दुरुस्त करून झाला की एखादा स्क्रू हमखास उरतो आणि आपण तो निमूटपणे खणात टाकतो. पण माकोतो युकिमुरा यांच्या ‘प्लानेतेस’ या विज्ञानकथात्मक मांगा (जपानी चित्रकथा) मालिकेचा पहिला खंड वाचल्यापासून तसा स्क्रू हाती आला की मी जरा थबकतो. कारण या कथेतले पहिले संकट एका भरकटलेल्या स्क्रूच्याच रूपाने येते. तो एका प्रवासी यानावर आदळतो आणि त्या अपघातात युरी नावाच्या माणसाची पत्नी दगावते. पुढे काही वर्षांनी, एकविसाव्या शतकाच्या आठव्या दशकात, हाच युरी पृथ्वीभोवतालचा कचरा गोळा करण्याच्या नोकरीत आहे आणि त्या भंगारात तिचे होकायंत्र शोधतो आहे. त्या होकायंत्रावर काय कोरलेले आहे, ते येथे सांगत नाही.

पृथ्वीलगतच्या कक्षेत वस्तू सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेगाने फिरतात, म्हणून तेथे स्क्रूचीही गोळी होते. १९८३ मध्ये ‘चॅलेंजर’ या अमेरिकी अवकाशयानाच्या खिडकीला खड्डा पडला, तो रंगाच्या एका कणाने. युकिमुरांचा हा खंड २००१ मध्ये पुस्तकरूपाने आला आणि त्यानंतर आठ वर्षांनी इरिडियम या अमेरिकी कंपनीचा एक दळणवळण उपग्रह रशियाच्या ‘कॉसमॉस’ या निकामी उपग्रहावर खरोखरच आदळला. (२०१९ मध्ये आपणही आपलाच एक उपग्रह पाडून या पसाऱ्यात थोडी भर घातली, हेही प्रामाणिकपणे नोंदवावे लागेल.)

खंडात पाच प्रकरणे आहेत, पण ती सारख्या ताकदीची नाहीत. चंद्रावर जन्मलेल्या, तेथील क्षीण गुरुत्वाकर्षणामुळे बाराव्या वर्षीच उंचच उंच वाढलेल्या मुलीचे प्रकरण हळवे आहे, तरी ते रडवेले होत नाही. युरी जपानमध्ये हाचिमाकी या आपल्या तरुण सहकाऱ्याच्या घरी पाहुणा जातो, ते प्रकरण मात्र मला थोडे सैल वाटले. माझ्या मते सर्वांत सरस प्रकरण ‘फी’ या त्यांच्या सहकारी बाईचे. तिला फक्त निवांतपणे एक सिगारेट ओढायची आहे, आणि दहशतवाद्यांच्या कारवायांमुळे तेवढेही सुख मिळेनासे झाल्यावर ती थेट आपले जहाजच पणाला लावते. उपग्रहांची टक्कर, त्यातून उडणारे तुकडे, त्या तुकड्यांच्या पुन्हा टकरी, असे दुष्टचक्र एकदा सुरू झाले तर पृथ्वीचे दार आतूनच बंद होईल, ही ‘नासा’चे शास्त्रज्ञ केसलर यांनी १९७८ मध्ये मांडलेली शक्यता एका बाईच्या तलफेच्या आडून इतक्या सहजपणे समजावून देणे सोपे नाही. चित्रेही या कामी मोठी साथ देतात: यंत्रांचे सांधे बारकाईने रेखाटलेले, आणि त्यांच्या शेजारी निव्वळ काळा, रिकामा कागद.

शेवटच्या प्रकरणात सूर एकाएकी बदलतो. खोल अवकाशाच्या भयाने ग्रासलेला हाचिमाकी स्वतःच्याच प्रतिरूपाशी वाद घालू लागतो, आणि आतापर्यंत हसतमुख असलेला हा तरुण इतका कठोर होतो, की मला तो काही पाने ओळखूच येईना. त्याला स्वतःचे जहाज हवे आहे आणि गुरू ग्रहाकडे निघालेल्या मोहिमेत जागाही; पगार मात्र त्याला कचरा उचलण्याचा मिळतो. एवढ्या महत्त्वाकांक्षी माणसाला लेखकाने आधी सफाईच्या कामाला जुंपले, हे मला मनापासून आवडले. आता तो गुरूच्या वाटेला लागला, की युरी आणि फी मागे तर पडणार नाहीत ना, एवढीच धास्ती मनात धरून मी दुसरा खंड मागवला आहे.